पान उलटून पाहताना

महाराष्ट्रातला पाऊस दसऱ्याच्या आसपास निरोप घेतो, तेव्हा चेन्नईतला पाऊस यायच्या तयारीत असतो. आषाढ-श्रावणात तिकडे घाटमाथे धुक्यात बुडालेले असतात आणि इकडे दुपारभर ऊन रणरणतं, संध्याकाळी एखादी सर येऊन जाते. इथला खरा पाऊस बंगालच्या उपसागरावरून, ईशान्येकडून येतो. वर्षाला सरासरी १,४०० मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसातला निम्म्याहून अधिक वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांचा. साताऱ्याकडे वाढलेल्या माझ्यासारखीला अंगात मुरलेलं ऋतुचक्र इथे नव्याने शिकावं लागतं. श्रावणातली हिरवाई इथे कार्तिकात भेटते.

त्या हिरवाईची पहिली खूण म्हणजे कोवळी पालवी. उन्हाळाभर तग धरून राहिलेल्या लिंबाला पोपटी कोंब फुटतात, कढीलिंबाच्या टोकांशी नवे तुरे येतात, तगरीची पानं चकाकू लागतात. पालवी आली की दोन-चार दिवसांतच पानांवर ठिपके दिसू लागतात. पिवळे, पांढरे, हिरवट, कधी काळे. कधी एकुलता एक, कधी चाळीस-पन्नासांचा पुंजका, कधी केसाएवढ्या बारीक देठावर अधांतरी उभा. आकाराने मिलिमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही लहान. ही कीटकांची अंडी. या शहराने मला पुष्कळ काही दिलं. त्यात पान उलटून ही अंडी बघण्याची आणि ती कुणाची असतील ते शोधण्याची ओढ मी फार वरच्या जागी ठेवते.

चेन्नईत घरावरच्या उघड्या गच्चीला मोट्टै माडी म्हणतात. उन्हाळ्यात तिथे वडाम वाळतात, रात्री समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला माणसं बसतात आणि हल्ली तिथे पिशव्यांतून वांगी, भेंडी, टोमॅटोही होतात. राज्याच्या फलोत्पादन खात्याने गच्चीवरच्या भाजीबागेचे संच सवलतीत दिल्यापासून तर अशा बागा गल्लोगल्ली दिसतात. बाग करणारी माणसं भेटली की पानाचा फोटो पुढे येतो आणि प्रश्न ठरलेला असतो. हे काय आहे, ठेवू की काढू? फोटोत एक पान असतं, त्यावर एक ठिपका. उत्तर देणारे बहुधा तयारच असतात : कडुनिंबाचं तेल मारा. मला त्या घाईचं दुःख होतं. तेल वाईट म्हणून नव्हे. पण पानावर जे आहे ते अजून कुणी ओळखलेलंच नसतं.

अंडं ओळखायचं तर अंड्याआधी झाड बघावं. कीटकाची मादी अंडं घालायला जागा कशी निवडते, ते समजलं की हे का, ते लक्षात येतं. लिंबाच्या फुलपाखराची, काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेल्या त्या चपळ जिवाची मादी सकाळच्या उन्हात झाडांवरून उडत येते. करंजावर टेकते, उठते. जास्वंदीवर टेकते, उठते. लिंबाच्या कोवळ्या पानावर टेकते आणि पुढचे पाय पानावर भराभर आपटते. तिच्या पायांच्या टोकांशी चव घेणारे सूक्ष्म केस असतात. पानातली रसायनं त्यांना कळतात. पान पसंत पडलं की पोटाचं टोक वळवून ती एक अंडं चिकटवते आणि निघून जाते. हे सगळं काही क्षणांत होतं. ते पान ती स्वतः कधीच खाणार नसते. तिचं पोट फुलांतल्या मधावर भरतं. आपण ज्याची चव विसरलो, जे आता आपल्या उपयोगाचं नाही, ते पिल्लासाठी अचूक निवडायचं, हे काम तिच्या पायांना ठाऊक असतं. म्हणून लिंबाच्या पालवीवर एक गुळगुळीत, गोल, फिकट पिवळं, मिलिमीटरभराचं अंडं दिसलं की आपल्याला निम्मं उत्तर मिळालेलं असतं. लिंबू, बेल, कढीलिंब ही एकाच कुळातली झाडं. या कुळावर लिंबाचं फुलपाखरू येतं, कॉमन मॉरमॉन येतं आणि आपल्या महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हीसुद्धा याच कुळावर वाढते. तमिळनाडूने २०१९ मध्ये तमिळ येओमन हे फुलपाखरू निवडलं. नारिंगी रंगाचं, डोंगरातल्या रानांचं. ते माझ्या गच्चीवर यायचं नाही, कारण त्याच्या अळीचं झाडच इथे नाही. झाड नसेल तर अंडं नाही.

झाडानंतर बघायचा तो आकार. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग खिशात असलं की मिलिमीटरभराच्या त्या ठिपक्याला बांधणी आहे, हे दिसतं. राणी पाकोळीच्या घराण्यातली अंडी गोल आणि बरीचशी गुळगुळीत. पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या घराण्यातली उभट, दोन्ही टोकांना निमुळती, अंगावर उभ्या कडा असलेली. इथल्या रस्त्याकडेच्या कोन्रैच्या, म्हणजे बहाव्याच्या, कोवळ्या पानांवर ती एकेकटी उभी दिसतात. निळ्या चिमुकल्या फुलपाखरांची अंडी चपटी गोल, वर नाजूक जाळीचं नक्षीकाम. मोकळ्या प्लॉटांवर माजलेल्या एरंडाच्या पानांवर कधी पांढऱ्या ताठ केसांनी भरलेलं अंडं दिसतं. ते कॉमन कॅस्टर या तपकिरी फुलपाखराचं. देवळाला वाहायला फुलं हवीत म्हणून घरोघर लावलेल्या तगरीवर, इथे तिला नंदियावट्टै म्हणतात, फिकट हिरवं गोल अंडं असलं तर ते बहुधा कण्हेरीच्या मोठ्या पतंगाचं असतं. त्याची अळी हिरवी, जाडजूड, अंगावर निळ्या-पांढऱ्या डोळ्यांचा भास घेऊन वाढते.

रुईचं झाड तर दोन्ही मुलखांना जोडणारं. आपल्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. इथे विनायक चतुर्थीला पिळ्ळैयारला एरुक्कम पूंची, म्हणजे रुईच्या फुलांची माळ. मैलापूरच्या बाजारात चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्या जांभळट-पांढऱ्या माळांचे ढीग असतात. ज्या पानांच्या विषारी चिकाला गुरंही तोंड लावत नाहीत, त्याच पानाच्या मागे प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची मादी एकेक अंडं घालते : उभट, टोकाला निमुळतं, रुपेरी पांढरं. अळी तो चीक पचवते, विष अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरालाही ते विष पक्ष्यांपासून वाचवतं.

आकारानंतर मांडणी. एकटं अंडं आणि पुंजका यांमागे दोन वेगळे हिशोब आहेत. एकेकटी अंडी घालणारी मादी जोखीम विभागते; एक पान पक्ष्याने खाल्लं, एक फांदी कुणी छाटली, तरी बाकीची राहतात. पुंजक्याने घालणारी एका जागी विश्वास ठेवते. हळदी-कुंकू या सुंदर नावाचं आपल्याकडचं फुलपाखरू, पंखांच्या खालच्या बाजूला हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल ल्यालेलं, आंब्यावरच्या बांडगुळाच्या पानामागे अंडी पुंजक्यानेच घालतं, आणि त्याच्या अळ्या लहानपणी एकत्र राहून एकत्र खातात. स्पोडोप्टेरा या पतंगाची मादी तर शेकडो अंड्यांचा थर घालते आणि त्यावर स्वतःच्या पोटावरचे तपकिरी केस पसरते. उघड्या डोळ्यांना ते अंड्यांचं काही वाटतच नाही. पानाला लागलेली बुरशी वाटते. शेतकरी त्या अळीला फार ओळखतो. एका पुंजक्यातून निघालेल्या अळ्या एका रात्रीत पानाची चाळण करू शकतात, म्हणून अंड्यांचे पुंजके हाताने वेचून नष्ट करा, हा सल्ला कृषीखात्याच्या पुस्तिकांतून आपण वर्षानुवर्षं वाचत आलो.

मांडणीचा सर्वांत सुरेख नमुना मात्र ढेकण्यांचा. ढालीच्या आकाराच्या, हात लावला की उग्र वास सोडणाऱ्या या कीटकांची अंडी पिंपाच्या आकाराची, एकाला एक चिकटून, ओळींत. मार्गळी महिन्यात पहाटे इथल्या बायका दारापुढे कोलम काढताना आधी पिठाचे ठिपके ओळीने मांडून घेतात, तशीच ती दिसतात. कित्येक जातींत ती चौदा असतात, कारण मादीच्या दोन्ही अंडाशयांत सात-सात नळ्या असतात आणि प्रत्येक नळी एक अंडं देते. प्रत्येक पिंपाला वर गोल झाकण. आतलं पिल्लू डोक्यावरच्या एका कठीण त्रिकोणी पट्टीने ते झाकण वर ढकलतं. बाहेर आल्यावर पिल्लं लगेच पांगत नाहीत. रिकाम्या टरफलांना बिलगून राहतात आणि आईने अंड्यांवर फासून ठेवलेला लेप चाटतात. त्या लेपात जीवाणू असतात, आणि ते पोटात गेल्याशिवाय पिल्लांना झाडाचा रस नीट पचत नाही. आई तिथे नसली तरी तिने शिदोरी ठेवलेली असते. भाजीचा रस शोषणारे म्हणून आपण ज्यांना शत्रू म्हणतो, त्यांच्या घरातली ही व्यवस्था पाहिल्यावर शत्रू हा शब्द निदान थोडा जपून वापरावासा वाटतो.

एका जिवाच्या अंड्याने तर देवघरापर्यंत मजल मारली आहे. पानावर, फुलदांडीवर, कधी खिडकीच्या काचेवरसुद्धा केसासारख्या पांढऱ्या देठाच्या टोकाला एक लांबट अंडं उभं दिसतं. ते क्रायसोपाचं, हिरव्या जाळीदार पंखांच्या नाजूक कीटकाचं. मादी पोटाच्या टोकातून चिकट द्रवाचा थेंब पानावर टेकवते, पोट वर उचलते, द्रवाची तार निघते, ती काही क्षणांत सुकून ताठ होते आणि तिच्या टोकावर अंडं बसतं. खालून फिरणाऱ्या मुंग्यांच्या हाती ते लागत नाही. शिवाय आधी जन्मलेलं भुकेलं भावंडही तिथवर सहजी पोचत नाही, कारण क्रायसोपाच्या पिल्लांना जे समोर येईल ते खायची सवय. ती भूक आपल्या कामाची. मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकणांची कोवळी पिल्लं, सगळ्यांवर ती तुटून पडतात. कोरियात आणि चीनमध्ये बुद्धमूर्तींवर असे पांढरे देठ उगवलेले दिसले तेव्हा भाविकांनी ती उंबराची फुलं मानली. तीन हजार वर्षांतून एकदा उमलणारं म्हणून बौद्ध परंपरेत सांगितलेलं तेच फूल. कीटकशास्त्रज्ञांनी ती क्रायसोपाची अंडी असल्याचं सांगितलं. आपल्याकडेही दुर्मीळ भेटीला उंबराचं फूल म्हणतात. मला वाटतं, त्या भाविकांचे हात योग्य गोष्टीपुढेच जोडले गेले होते. अर्ध्या सेंटिमीटरच्या तारेवर एक जीव तोलून धरलेला, हे दृश्य हात जोडण्याजोगंच आहे, आणि ते नाव कळल्याने जराही कमी होत नाही.

आता सर्वांत कठीण ओळख. वांग्याच्या पानाखाली पिवळ्या, उभट, टोकदार अंड्यांचा पुंजका. ती दोन चुलतभावंडांपैकी कुणाचीही असू शकतात. एक आपला नेहमीचा ढालकिडा, लाल-केशरी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला. तो आणि त्याची पिल्लं जन्मभर मावा खातात. दुसरा एपिलॅक्ना, पाठीवर २८ ठिपके असलेला. दिसायला तसाच, पण तो पान खातो. त्याची पिवळी काटेरी पिल्लं पानाचा हिरवा गर खरवडून फक्त शिरांची जाळी मागे ठेवतात. अंडी दोघांचीही पिवळी, दोघांचीही उभी, दोघांचीही मिलिमीटरभर. भिंगाखाली धरलं तर एपिलॅक्नाची जराशी अंतरा-अंतराने असतात, ढालकिड्याची अधिक दाटीने. पण खरी साक्ष आजूबाजूची. त्या पानावर किंवा वरच्या शेंड्यावर मावा आहे का? चिकट गोडसर पाझर आहे का, मुंग्यांची ये-जा आहे का? असेल, तर आईने पिल्लांच्या पुढ्यात जेवण आहे असं बघूनच अंडी घातली. पान कोरडं, मावा नाही आणि शेजारच्या पानावर जाळीचे चट्टे, तर वांगं हेच जेवण. एकाच रंगाची, एकाच मापाची दोन अंडी; एक आपल्या बागेची राखण करणार, दुसरं बाग खाणार. अंड्याच्या पृष्ठभागापेक्षा त्याच्या शेजाऱ्याकडून जास्त कळतं.

हे शेजाऱ्याकडून कळणं मला इमारतीतही लाभलं. खालच्या मजल्यावरच्या आजी तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. भोसल्यांबरोबर सतराव्या शतकात कावेरीकाठी आलेल्या घराण्यांपैकी एक. घरात मराठी बोलतात. लिहिणं-वाचणं मात्र सगळं तमिळमध्ये. त्यांचा कढीलिंब पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलेला, आणि त्याला त्या आंबट झालेलं ताक पाण्यात मिसळून घालतात, जसं या शहरातल्या पुष्कळ घरांत घालतात. त्यांना लिंबाच्या फुलपाखराचं शास्त्रीय नाव ठाऊक नाही. पण कोणत्या महिन्यात कोवळी फांदी तोडायची नाही, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवी होते आणि डिवचली की डोक्यावरून केशरी शिंग काढून उग्र वास सोडते, हे त्यांनी आपल्या सासूकडून ऐकलेलं. आमटीसाठी वरच्या फांद्या, खालच्या अळ्यांच्या, अशी आजींची वाटणी. मी पहिल्यांदा भिंगातून त्यांना अंडं दाखवलं तेव्हा त्या कितीतरी वेळ भिंग डोळ्याला लावून उभ्या राहिल्या.

ओळखायची घाई आणि तिची किंमत, यांचा एक मोठा इतिहास याच शहराच्या मातीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला कंपनी सरकारचे फिजिशियन जनरल डॉ. जेम्स अँडरसन होते. १७८६ मध्ये त्यांना इथल्या गवतावर लाल रंग देणारे कीटक सापडले आणि त्यांना वाटलं की स्पेनने मेक्सिकोतून ज्याच्या जोरावर संपत्ती कमावली, त्या कोचिनीलसारखंच काही हाती लागलं. सैदापेटला निवडुंगाची बाग उभी राहिली, खरा कोचिनील आला की त्याला खायला मिळावं म्हणून. १७९५ मध्ये ब्राझीलहून कोलकात्याला कीटक आणले गेले. ते खरे कोचिनील समजूनच आणले होते. प्रत्यक्षात ती दुसरीच, जंगली जात होती. रंग हलका निघाला. पण त्या किड्याने निवडुंगाचा असा फडशा पाडला की पुढे निवडुंगाचा फैलाव आवरण्यासाठी दक्षिण भारतात तो मुद्दाम सोडण्यात आला. किड्याने तण आवरण्याचं जगातलं पहिलं उदाहरण म्हणून आज त्याकडे बघतात. अँडरसन यांचं स्मारक चेन्नईच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये आहे. एका चुकीच्या ओळखीतून एक उद्योग बुडाला आणि एक शास्त्र सुरू झालं, हे आठवलं की पानावरच्या ठिपक्याकडे बघताना मन आपोआप सावध होतं.

त्याआधीच्या जगाला तर कीटकाचं अंडं हीच गोष्ट नीट ठाऊक नव्हती. काही कीटक पानांवर पडलेल्या दवापासून जन्मतात, असं अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं, आणि ते जवळजवळ दोन हजार वर्षं चाललं. १६६८ मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेडी यांनी मांस झाकून ठेवून दाखवलं की माशी बसली नाही तर अळ्या होत नाहीत. आणि १७०५ मध्ये मारिया सिबिला मेरियन या जर्मन चित्रकर्तीने सुरीनामच्या कीटकांवरचं पुस्तक काढलं. सुरीनामला जाऊन दोन वर्षं तिने अळ्या घरात वाढवल्या होत्या. तिच्या चित्रांत अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हे सगळं त्या जिवाच्या झाडावरच असतं. झाडापासून तोडून किडा दाखवता येत नाही, हे तिने रंगांत सांगितलं. आज फोनमधल्या अ‍ॅपला अंड्याचा फोटो दाखवला की ते पुष्कळदा कीटकवर्गाच्या पुढे जाऊ शकत नाही. पण अंडं पानासकट झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत ठेवून, रोज ताजी पालवी घालून, फुलपाखरू होईपर्यंत वाढवलं तर शंका उरत नाही. मेरियनची ती जुनी रीत अजूनही सर्वांत खात्रीची आहे.

सगळेच ठिपके अंडी नसतात, हेही शिकावं लागतं. चेन्नईच्या रस्त्यांवर सावलीसाठी पुंगै, म्हणजे करंज, खूप लावला आहे. त्याच्या पानांवर बोटांसारखे हिरवे फुगवटे येतात. ती कुणाची अंडी नव्हेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांनी पानाकडूनच बांधून घेतलेली घरं आहेत. अशा गाठींचा आणि फुलकिड्यांचा अभ्यास याच शहरात लॉयोला कॉलेजच्या कीटकशास्त्र संशोधन संस्थेत प्रा. टी. एन. अनंतकृष्णन यांनी वर्षानुवर्षं केला. नारळाच्या झावळीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाची चक्राकार नक्षी दिसली, तर ती मात्र अंडीच. सर्पिल पांढऱ्या माशीची मादी गोल गोल फिरत अंडी घालते आणि मेण सांडत जाते. ही परदेशी माशी भारतात प्रथम नोंदली गेली ती २०१६ मध्ये, तमिळनाडूतच, पोल्लाचीजवळच्या नारळबागांत. आता चेन्नईच्या परसातल्या नारळांवरही तिच्यामुळे काळी बुरशी चढलेली दिसते. तरीही कृषी विद्यापीठाचा सल्ला विषारी फवारे टाळण्याचा आहे, कारण एन्कार्सिया नावाची एक चिमुकली गांधीलमाशी या माशीच्या पिल्लांतच आपली अंडी घालते, आणि फवारा आधी तिला मारतो.

अंड्यातल्या अंड्याची ही गोष्ट मला सर्वांत अधिक विचारात टाकते. लिंबाच्या फुलपाखराचं पिवळं अंडं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उबण्याआधी गडद होतं. टरफलाआडून अळीचं काळं डोकं एका जागी दिसतं. अळी टरफल कुरतडून बाहेर येते आणि पहिलं जेवण म्हणून ते टरफलच खाते. पण कधी कधी अंडं सगळंच्या सगळं, सारखं, शाईसारखं काळं पडतं. त्यातून अळी येत नाही. पाऊण मिलिमीटरहूनही लहान अशा ट्रायकोग्रामा गांधीलमाश्या एक बारीक भोक पाडून बाहेर येतात. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या पानांना टाचलेली ट्रायकोकार्डं ज्यांनी बघितली आहेत, त्यांना हे काळं अंडं ओळखीचं आहे. तांदळातल्या पतंगाची सुमारे २०,००० अंडी एका कार्डावर चिकटवलेली असतात, आणि त्या प्रत्येकात खोडकिडीच्या अंड्यांचा वैरी वाढत असतो. गच्चीवर तोच कायदा कुणी कार्ड न लावता चालू असतो. मला फुलपाखरू हवं होतं आणि काळं अंडं मिळालं, तर हळहळ वाटते. पण हीच गांधीलमाशी उद्या टोमॅटोवरच्या बोंडअळीचंही अंडं शोधणार आहे. माझ्या आवडीनुसार तिने भेद करावा, अशी अपेक्षा मी धरू शकत नाही.

ओळख पटली की निवड करावीच लागते, आणि मी ती टाळत नाही. वांग्याच्या पानाखाली एपिलॅक्नाचीच अंडी आहेत अशी खात्री झाली की तेवढा पानाचा तुकडा मी हाताने काढून टाकते. फवारा मारत नाही, कारण शेजारच्या पानावर ढालकिड्याचा पुंजका आहे, वरच्या फांदीवर तारेवर उभं अंडं आहे, आणि फवाऱ्याला यांतलं काहीच वेगळं दिसत नाही. हाताने काढताना मला ठाऊक असतं की मी काय करते आहे, कुणाचं करते आहे, आणि किती. भाजी पिकवणाऱ्या माणसाने एवढी जबाबदारी घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या बाबतीत निवड सोपी आहे. मोठ्या झाडाला चार-दोन अळ्यांनी काही होत नाही. खाल्लेल्या फांदीला पुढच्या पावसाआधी नवी पालवी येते. अगदी लहान रोप असेल तर अळी उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर ठेवावी.

म्हणून पानाचा फोटो पुढे करून कुणी ठेवू की काढू असं विचारलं, तर मी आधी उलट चार गोष्टी विचारते. झाड कोणतं? अंडं पानाच्या कोणत्या बाजूला आहे, कोवळ्या पानावर की जून पानावर? एकटं आहे की पुंजक्यात, आणि शेजारी मावा किंवा मुंग्या आहेत का? काल त्याचा रंग कोणता होता? शेवटच्या प्रश्नापाशी बहुतेक जण थांबतात, कारण काल कुणी पाहिलेलंच नसतं. मग माझं सांगणं एवढंच असतं : आज पाहा, उद्या पुन्हा पाहा, आणि तोवर पान झाडावर असू द्या. चेन्नईच्या उबेत बहुतेक अंड्यांना चार-पाच दिवसांपेक्षा जास्त लागत नाहीत. तेवढे दिवस थांबलेल्यांना पुन्हा फोटो पाठवायची वेळ सहसा येत नाही; पानावर तोवर उत्तर चालू लागलेलं असतं.